पहिल्या प्रश्नाआधी आवाज: अंध आणि अल्पदृष्टी वापरकर्त्यांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम इन्स्टॉल करण्याचं मार्गदर्शन

माझ्या पहिल्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम एका डोळस मित्राने बसवून दिली होती. त्याने मनापासून केलं, तासाभरात काम उरकलं, "झालं बघ" म्हणाला आणि गेला. मी मशीन सुरू केलं. पंखा फिरला, डिस्कची किरकिर ऐकू आली, आणि पुढे काहीच नाही. लॉगिनचा पडदा समोर होता, पण तो बोलत नव्हता. सिस्टीम अगदी नीट बसली होती, फक्त माझ्यासाठी बसली नव्हती.

त्याचं कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं. डेबियनसारख्या लिनक्स सिस्टीममध्ये इन्स्टॉलर, म्हणजे सिस्टीम बसवणारा प्रोग्रॅम, आवाजासह चालवला, तर बसलेली सिस्टीमही पहिल्या सुरुवातीपासून बोलते. इन्स्टॉलर बिनआवाजाचा चालवला, तर तो धरून चालतो की या माणसाला आवाज नको आहे. म्हणून या लेखात एकच आग्रह पुन्हा पुन्हा येईल: इन्स्टॉलरने पहिला प्रश्न विचारण्याआधी आवाज सुरू झालेला असला पाहिजे, आणि कीबोर्डवर हात तुमचाच असला पाहिजे.

लेख पहिल्यांदा स्वतः इन्स्टॉल करणाऱ्या अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तीसाठी आहे. शेजारी बसणाऱ्या डोळस मदतनिसाने वाचला तर दोघांचंही काम हलकं होईल.

सुरू करण्याआधी

बॅकअप घ्या. हे सगळेच सांगतात, पण आपल्या बाबतीत कारण जास्त पक्कं आहे: एखादा आकडा चुकीचा ऐकू आला तर अख्खी डिस्क पुसली जाऊ शकते. बॅकअपची डिस्क मशीनपासून काढून ठेवा. जोडलेली राहिली तर इन्स्टॉलरच्या यादीत तीही दिसेल.

मशीनवर विंडोज असेल आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी मिळवा आणि दुसऱ्या जागी, तुम्हाला स्वतःला वाचता येईल अशा रूपात ठेवा. मशीन कशावरून सुरू व्हायचं तो क्रम किंवा सिक्युअर बूटची (फक्त मान्य सिस्टीमच सुरू होऊ देणारी) सेटिंग बदलली की बिटलॉकर ही की मागू शकतो.

आता आवाजाची तयारी. तारेचा हेडफोन घ्या. ब्लूटूथचा हेडफोन इन्स्टॉलेशनच्या वेळी चालेल असं धरू नका, कारण तो जोडायलाच आधी सिस्टीम लागते. शक्य असेल तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड किंवा यूएसबी हेडसेट जवळ ठेवा. मशीनच्या आतल्या साउंड कार्डला ड्रायव्हर मिळाला नाही, तरी यूएसबी बहुतेक वेळा बोलतं. मॉनिटर एचडीएमआयने जोडला असेल तर आवाज मॉनिटरकडे जातो, आणि मॉनिटरला स्पीकर नसेल तर तो तिथेच हरवतो. अशा वेळी मॉनिटर सरळ काढून टाका. लॅपटॉपचं म्यूट बटण दाबलेलं नाही ना, हे चालू सिस्टीममध्येच तपासून घ्या.

लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर नंबरपॅडवाला यूएसबी कीबोर्ड मागून आणा. तो का लागतो ते पुढे येईल. नेटसाठी केबल मिळाली तर वायफायचा पासवर्ड टाकण्याची एक पायरी वाचते. चार्जर लावलेला असू द्या.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: मशीनमधल्या प्रत्येक डिस्कचा आकार आणि कंपनीचं नाव लिहून ठेवा. चालू सिस्टीम बोलते आहे तोवरच हे काम सोपं आहे.

आधी खोट्या मशीनवर सराव

पहिला प्रयत्न खऱ्या मशीनवर करू नका. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्रॅम घ्या, त्यात नवं आभासी मशीन तयार करा, आवाज चालू ठेवा आणि इन्स्टॉलरची फाइल त्याला जोडा. इथे डिस्क पुसली तरी काही बिघडत नाही. दोनदा, तीनदा करा. तिसऱ्या वेळी कोणता प्रश्न कशानंतर येतो हे तोंडपाठ होतं, आणि खऱ्या मशीनवर हात थरथरत नाहीत.

सरावात एक अडचण हमखास येते: दोन आवाज एकदम बोलतात. बाहेरच्या विंडोजवरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) आणि आतला इन्स्टॉलर, दोघेही. व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत असताना एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट), शिफ्ट आणि एस दाबा. त्या खिडकीपुरता एनव्हीडीए झोपतो. लॅपटॉप लेआउट वापरत असाल तर एसच्या जागी झेड. बाहेर यायला व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवी कंट्रोल की दाबतात.

पेनड्राइव्ह तयार करणं

८ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरा. लिनक्ससाठी त्या त्या प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची पूर्ण प्रत) उतरवा आणि रूफससारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. डिस्कच्या यादीत योग्य पेनड्राइव्ह निवडला आहे ना, हे आकारावरून खात्री करून घ्या. चढवण्याआधी फाइलचा एसएचए२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली की नाही हे सांगणारा) साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलर मध्येच अडकतो, आणि तो फाइलमुळे अडकलाय की आवाजच बंद पडलाय, हे आपल्याला न बघता सांगता येत नाही.

डेबियन घेत असाल तर १२ वी आवृत्ती किंवा त्यानंतरची घ्या. २०२३ साली आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच हार्डवेअरला लागणारं बंद स्वरूपाचं फर्मवेअर, म्हणजे त्या भागांना चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, दिलेलं असतं. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपच्या साउंड कार्डला असं फर्मवेअर दिल्याशिवाय तोंडच फुटत नाही. जुनी आवृत्ती अशा लॅपटॉपवर गप्प बसते आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

जिथे आवाज नाही तो टप्पा

मशीन सुरू झाल्यापासून पेनड्राइव्हवरची सिस्टीम हातात येईपर्यंतचा जो थोडा वेळ आहे, तो बायोस किंवा यूईएफआयचा, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा. तिथे स्क्रीन रीडर नसतो. सगळ्या वाटेतला हाच खरा खड्डा आहे, आणि तो टाळायच्या चार तऱ्हा आहेत. मी त्या याच क्रमाने वापरते.

पहिली: बायोसमध्ये जायचंच नाही. मशीनवर चालू विंडोज असेल तर पेनड्राइव्ह लावा, स्टार्ट मेनूत रीस्टार्टवर जा आणि शिफ्ट दाबून धरून एंटर द्या. थोड्या वेळाने निळा पडदा येतो. तिथे कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबलं की विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, बोलायला लागतो. टॅब आणि बाणाच्या कळांनी "यूज अ डिव्हाइस" शोधा आणि पेनड्राइव्ह निवडा. मशीन थेट पेनड्राइव्हवरून सुरू होतं. हा पर्याय सगळ्या मशीनवर दिसतोच असं नाही, पण जिथे दिसतो तिथे कुणाच्याही डोळ्यांची गरज उरत नाही.

दुसरी: बूट मेनूची कळ पाठ करणं. पुष्कळ लॅपटॉपवर ती एफ१२ असते, काहींवर एफ९, एफ११ किंवा एस्केप. आपल्या मॉडेलची कळ आधी शोधून ठेवा. मशीन चालू करताच ती कळ एकेका सेकंदाने टपटप दाबत राहायची. मग मेनूत पेनड्राइव्ह कितव्या क्रमांकावर येतो ते एकदा कुणाकडून तरी विचारून घ्या आणि लिहून ठेवा. तोच पेनड्राइव्ह त्याच छिद्रात लावत राहिलात तर क्रमांक सहसा तोच राहतो.

तिसरी: फोन. बी माय आइज या ॲपवर व्हिडिओ कॉलने स्वयंसेवक पडदा वाचून दाखवतात. सीइंग एआयसारखी ॲप्स पडद्यावरची अक्षरं स्वतः वाचतात. बायोसची अक्षरं बारीक आणि पार्श्वभूमी गडद असते, त्यामुळे खोलीतला दिवा बंद केला आणि फोन पडद्यापासून वीतभर लांब, सरळ धरला तर वाचन सुधारतं.

चौथी: शेजारचा माणूस. मदतनिसासाठी माझा नियम एकच आहे: तुम्ही वाचा, कळ मी दाबते. वाचतानाचाही क्रम ठरवून घ्या. आधी पडद्याचं शीर्षक, मग एकूण किती पर्याय आहेत, मग कोणता पर्याय उजळलेला आहे, आणि शेवटी तळाशी कळांची काही सूचना आहे का. "इथे काहीतरी बूटचं लिहिलंय, मी करतो थांब" हे वाक्य ऐकू आलं की नम्रपणे त्यांचा हात बाजूला करा.

मदतनीस बसलाच आहे तर त्याच बैठकीत यूएसबीला सुरुवातीच्या क्रमात पहिलं स्थान कायमचं देऊन टाका. पुढच्या वेळी पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करणं एवढंच काम उरतं.

डेबियन: सुरुवातीपासून बोलणारा इन्स्टॉलर

नवशिक्यांना मी डेबियनपासून सुरुवात करायला सांगते, कारण त्याचा इन्स्टॉलर अंध माणूस एकटा बसला आहे हे गृहीत धरून बनवलेला आहे.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झालं की मेनू तयार झाल्याचा बीप वाजतो. तो ऐकल्यावर एस दाबा, मग एंटर. बीप ऐकू आला नाही तर घाबरू नका. अनेक लॅपटॉपमध्ये तो आवाज काढणारा छोटा स्पीकरच नसतो. काहीही न दाबता अर्धा मिनिट थांबलात तर बोलणारं इन्स्टॉलेशन आपोआप सुरू होतं. ही सोय ज्यांना सुचली त्यांचे मी मनात कितीदा तरी आभार मानले आहेत. यूएसबीचा ब्रेल डिस्प्ले असेल तर तो मशीन सुरू करण्याआधीच लावून ठेवा, इन्स्टॉलर त्याला स्वतःहून ओळखतो.

मशीनमध्ये एकापेक्षा जास्त साउंड कार्ड असतील तर इन्स्टॉलर प्रत्येकावर आळीपाळीने बोलून बघतो. तुम्हाला आवाज ऐकू आला की लगेच एंटर द्या. म्हणून हेडफोन आधीच कानाला असू द्या. तो काढून ठेवला आणि पाणी प्यायला गेलात, तर तुमची पाळी निघून गेलेली असते.

यानंतर सगळे प्रश्न एकाच साच्यात येतात: प्रश्न, क्रमांकांसह पर्याय, आणि चौकटी कंसात आधीच ठरवलेलं उत्तर. हवा तो क्रमांक टाइप करून एंटर द्या. नुसतं एंटर दिलं तर कंसातलं उत्तर घेतलं जातं. प्रश्नचिन्ह टाकलं की मदत मिळते, आणि "पेक्षा लहान" हे चिन्ह टाकलं की मागे जाता येतं. यादी मोठी असेल तर ती तुकड्यातुकड्याने येते, पुढचा तुकडा एंटरने.

ऐकायचं राहून गेलं तर नंबरपॅड कामाला येतो. ८ ने चालू ओळ पुन्हा ऐकता येते, ७ ने मागची, ९ ने पुढची. त्यासाठीच मी वर तो कीबोर्ड मागून आणायला सांगितला. कीबोर्ड नसेल तर मागे जाऊन तोच प्रश्न परत घ्यायचा. वेळ जातो, पण चालतं.

भाषा निवडताना इन्स्टॉलेशनपुरती इंग्रजी ठेवलेली बरी, कारण अडचण आली तर शोधायचे शब्द इंग्रजीतलेच असतात. मराठी बोलणारा ईस्पीक एनजीचा आवाज सिस्टीम बसल्यावर निवडता येतो.

मशीनचं नाव विचारलं जातं तेव्हा ते नीट ऐकत टाइप करा. कीबोर्डची रचना चुकीची निवडली गेली असेल तर ती इथेच कळते, कारण पुढे पासवर्ड टाकताना अक्षरं बोलली जात नाहीत. रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडा. मग तुमच्या स्वतःच्या खात्यालाच सुडो या आज्ञेने व्यवस्थापनाचे अधिकार मिळतात आणि एक पासवर्ड कमी सांभाळावा लागतो.

डिस्क निवडणं: इथे घाई नको

आतापर्यंतची कुठलीही चूक मागे जाऊन सुधारता येत होती. इथली येत नाही.

यादीतली एक ओळ साधारण अशी ऐकू येते: क्रमांक, मग "एससीएसआय"ने सुरू होणारं काहीतरी, मग "एसडीए", मग "५००.१ जीबी", मग कंपनीचं नाव. यातला सुरुवातीचा भाग सोडून द्या. आकार आणि कंपनी या दोन गोष्टी तुमच्या कागदाशी जुळवा.

आकारात एक गोम आहे. विंडोज तीच डिस्क लहान दाखवतं, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ ऐकू येते, १ टीबीची ९३१, आणि २५६ ची २३८. विंडोजमध्ये लिहून घेतलेला ४६५ चा आकडा डेबियनमध्ये शोधत बसलात तर सापडणार नाही, आणि घाबरून भलतीच डिस्क निवडली जाईल.

दुसरी गोम नावात आहे. पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं की "एसडीए म्हणजे तुमची मुख्य डिस्क". हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतली डिस्क एनव्हीएमई प्रकारची असते आणि तिचं नावही "एनव्हीएमई"नेच सुरू होतं. अशा मशीनवर एसडीए म्हणजे चक्क तुम्ही लावलेला पेनड्राइव्ह असू शकतो. नावावर विसंबू नका.

दोन डिस्क सारख्याच आकाराच्या आणि एकाच कंपनीच्या असतील, तर जी वापरायची नाही ती उघडून काढून ठेवलेली उत्तम. डेस्कटॉपमध्ये हे दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळल्यामुळे माझ्या ओळखीच्या एकाची कित्येक वर्षांची रेकॉर्डिंग गेली.

नवशिक्याने "गायडेड, यूज एन्टायर डिस्क" हा पर्याय घ्यावा. एका डिस्कवर दोन सिस्टीम बसवण्याचा प्रयोग दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. सगळ्यात शेवटी इन्स्टॉलर विचारतो की बदल डिस्कवर लिहू का. याचं आधीच ठरवलेलं उत्तर "नाही" असतं, आणि तुम्ही "हो" म्हणेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. साध्या पर्यायाऐवजी एलव्हीएमचा (डिस्कचे भाग लवचीक ठेवणाऱ्या पद्धतीचा) पर्याय घेतला असेल तर लिहिण्याची परवानगी त्याआधीही एकदा मागितली जाते, हे ध्यानात असू द्या. हा प्रश्न आला की मी हात कीबोर्डवरून उचलते, वरच्या ओळी नंबरपॅडने पुन्हा ऐकते, डिस्कचं नाव तोंडाने उच्चारते आणि मगच क्रमांक टाकते.

डिस्क कुलूपबंद करायची का? फिरता लॅपटॉप असेल तर मोह होतो, पण पहिल्या वेळी टाळा. डेबियनमध्ये ही परवलीची ओळ आवाज सुरू होण्याच्या आधी मागितली जाते. अंदाजाने थांबून टाइप करावी लागते, आणि चुकली तर चुकली हेही कळत नाही.

मग सॉफ्टवेअरची निवड. इथे एकापेक्षा जास्त क्रमांक मोकळी जागा सोडून लिहिता येतात. ग्नोम किंवा माते, दोन्ही डेस्कटॉप ओर्का या स्क्रीन रीडरबरोबर चालतात. मला माते आवडतं, त्याचे मेनू जुन्या पद्धतीचे आणि बाणाच्या कळांनी फिरायला सरळ आहेत. फाइली उतरत असताना टक्केवारी बोलली जाते. मधल्या शांततेत मशीन बंद करू नका.

आर्च लिनक्सच्या अधिकृत पेनड्राइव्हवरही आवाजाचा वेगळा पर्याय मेनूत असतो, पण तिथे पुढचं सगळं हाताने टाइप करावं लागतं. उबुंटू आणि फेडोराच्या ग्नोमवाल्या पेनड्राइव्हवर आधी थेट डेस्कटॉप उघडतो. तिथे ऑल्ट, सुपर आणि एस एकत्र दाबून ओर्का सुरू करायचा आणि मगच इन्स्टॉलर उघडायचा. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ.

विंडोज

विंडोजला दोन वाटा आहेत. मशीनवर आधीचं विंडोज चालू असेल तर सोपी वाट धरा: आयएसओ फाइल उघडा, आतला सेटअप चालवा आणि तुमच्या नेहमीच्या स्क्रीन रीडरने सगळे प्रश्न संपवा. एनव्हीडीए २००६ पासून विकसित होतो आहे आणि मोफत आहे, तो आधी बसवून घ्या. पहिल्या रीस्टार्टनंतर मात्र शांतता पसरते. पडद्यावर टक्केवारी सरकत असते, कानाला काही नाही. ही शांतता अर्धा तासही चालू शकते. मध्ये मशीन आपलं आपण बंद होऊन सुरू होतं, ते होऊ द्या. दर पाचेक मिनिटांनी कंट्रोल, विंडोज आणि एंटर दाबून बघा. नॅरेटर बोलला की सुरुवातीचे प्रश्न आले असं समजा.

रिकाम्या डिस्कवर पेनड्राइव्हवरून बसवायचं असेल तर तीच तीन कळांची जोडी इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावरही चालते. २०१७ च्या विंडोज १० क्रिएटर्स अपडेटपासून नॅरेटर इन्स्टॉलेशनच्या आणि दुरुस्तीच्या छोट्या विंडोजमध्येही आला. इन्स्टॉलर उघडायला वेळ लागतो, म्हणून मिनिटभर थांबून कळा दाबा आणि गप्प असेल तर पुन्हा दाबा. तरीही आवाज नसेल तर यूएसबी हेडसेट लावून परत सुरुवात करा. आतल्या साउंड कार्डचा ड्रायव्हर त्या छोट्या विंडोजमध्ये नसणं हे त्यामागचं नेहमीचं कारण असतं. सरावाच्या आभासी मशीनमध्ये किंवा डीव्हीडीवर एक जादा अडचण येते: "कोणतीही कळ दाबा" असा संदेश काही सेकंद येऊन जातो आणि तो बोलला जात नाही. मशीन सुरू होताच स्पेसबार टपटप दाबत राहिलं की तो पार होतो.

डिस्क निवडण्याचा पडदा इथेही आहे आणि वरचं सगळं त्यालाही लागू आहे, फक्त आकडे विंडोजच्या मापाचे.

थोडा अनुभव आल्यावर उत्तरांची फाइल वापरून बघा. भाषा, कीबोर्ड, खात्याचं नाव अशी उत्तरं आधीच एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहून ती "ऑटोअनअटेंड" या नावाने पेनड्राइव्हवर सगळ्यात वरच्या पातळीला ठेवली, की इन्स्टॉलर ते प्रश्न विचारतच नाही. त्यात डिस्कचं उत्तर मात्र लिहू नका. लिहिलं तर तो पेनड्राइव्ह ज्या मशीनला लागेल त्याची डिस्क न विचारता पुसली जाईल.

मॅक

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण व्हॉइसओव्हर हा मॅकचा स्क्रीन रीडर २००५ पासून सिस्टीमचाच भाग आहे. सुरुवातीच्या पडद्यावर कमांड आणि एफ५ दाबा. काही कीबोर्डवर एफएन कळही धरावी लागते, आणि टच आयडी असेल तर कमांड धरून ते बटण तीनदा दाबायचं. नवीन मशीनवर काहीच न करता थोडं थांबलात तरी सूचना बोलली जाते. पुन्हा इन्स्टॉल करण्यासाठीच्या रिकव्हरीतही व्हॉइसओव्हर चालतो. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर पॉवर बटण दाबून धरून रिकव्हरीत जातात, इंटेलवाल्यावर सुरू होताना कमांड आणि आर धरून.

थोडं दिसत असेल तर

अल्पदृष्टी माणसाची अडचण वेगळी असते. पडदा दिसतो, पण वाचता वाचता डोळे दुखतात आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला चूक होते. म्हणून थोडं दिसत असलं तरी आवाज चालू ठेवा, आणि डोळे डिस्कच्या पडद्यासाठी राखून ठेवा.

डेबियनच्या मेनूत डी दाबलं की गडद पार्श्वभूमीवर ठळक अक्षरांचा इन्स्टॉलर मिळतो, आणि त्याच्या चित्ररूप आवृत्तीत कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून अक्षरं मोठी करता येतात. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि अधिकचं चिन्ह दाबलं की मॅग्निफायर उघडतो, विंडोज आणि एस्केपने बंद होतो. ग्नोममध्ये ऑल्ट, सुपर आणि ८ ने पडदा मोठा होतो. बायोसमध्ये यातलं काहीच चालत नाही. तिथे फोनने पडद्याचा फोटो काढून तो फोनवर मोठा करून बघणं, हाच मला सापडलेला सगळ्यात कमी त्रासाचा उपाय. मोठ्या टीव्हीला जोडलं तरी फरक पडतो, फक्त आवाज टीव्हीकडे जातो हे विसरू नका.

मशीन बोलतच नसेल तर दुसऱ्या मशीनवरून

सगळे उपाय करूनही साउंड कार्ड दाद देत नसेल, तर डेबियनचा इन्स्टॉलर नेटवर्कवरून चालवता येतो. सुरुवातीला तसा पर्याय दिला की तो एसएसएचसाठी दार उघडून बसतो. तुम्ही तुमच्या बोलणाऱ्या कम्प्युटरवरून आत शिरता आणि सगळे प्रश्न तुमच्या ओळखीच्या स्क्रीन रीडरमध्ये ऐकता. फेडोराची किकस्टार्ट फाइल आणि उबुंटू सर्व्हरचं ऑटोइन्स्टॉल यांच्यातही उत्तरं आधी लिहून ठेवायची सोय आहे. रास्पबेरी पाय तर याहून सोपा: त्याच्या इमेजर प्रोग्रॅममध्ये वापरकर्त्याचं नाव, वायफाय आणि एसएसएच आधीच भरून मेमरी कार्ड तयार होतं, मॉनिटर लागतच नाही. हात बसवायला हे छोटं मशीन फार चांगलं आहे.

पहिली सुरुवात

इन्स्टॉलेशन संपलं की पेनड्राइव्ह काढा आणि मशीन पुन्हा सुरू होऊ द्या. लॉगिनचा पडदा बोलला पाहिजे. न बोलल्यास ऑल्ट, सुपर आणि एस दाबून बघा. विंडोजवर तीच कंट्रोल, विंडोज, एंटरची जोडी.

सिक्युअर बूट चालू असताना बाहेरचे ड्रायव्हर बसवले असतील, तर उबुंटूसारख्या सिस्टीममध्ये पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा येऊ शकतो. तो नव्या किल्लीची नोंद करायला सांगतो, बोलत नाही, आणि काही सेकंदांत निघून जातो. गरज नसेल तर बाहेरच्या ड्रायव्हरचा तो पर्याय घेऊच नका. गरज असेल तर त्या वेळेपुरता फोन हाताशी ठेवा.

डेबियनवर एक छोटी सोय करून घ्या. ग्रब, म्हणजे सुरुवातीचा मेनू दाखवणारा प्रोग्रॅम, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये शेवटी "इनिट ट्यून" असलेली एक ओळ असते, तिच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह (#) काढा, फाइल सेव्ह करा आणि अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवा. मशीनला छोटा स्पीकर असेल तर यापुढे सुरुवातीचा मेनू तयार झाला की बीप वाजेल, आणि कळ नेमकी कधी दाबायची हे कळेल.

तुम्ही इन्स्टॉलर बनवत किंवा तपासत असाल तर

मॉनिटरची तार काढा, हेडफोन लावा, माउस दूर ठेवा आणि तुमचाच इन्स्टॉलर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघा. चार गोष्टी लगेच उघड्या पडतील. नाव न दिलेल्या बटणांवर टॅबने फिरताना "बटण, बटण, बटण" एवढंच ऐकू येईल. चूक झाल्यावर लाल अक्षरांत आलेला संदेश ऐकूच येणार नाही, कारण लक्ष अजून जुन्याच चौकटीत अडकलेलं असेल. नकाशावर टिचकी मारून वेळक्षेत्र निवडायला सांगितलं असेल तर पुढे जाता येणार नाही, शेजारी साधी यादी हवी. आणि डिस्कची वाटणी रंगीत पट्ट्यांनी दाखवली असेल तर कोणता भाग पुसला जाणार हे न कळताच "पुढे" दाबावं लागेल. त्या पट्ट्यांखाली एक सरळ वाक्य लिहा: अमुक कंपनीची, अमुक आकाराची डिस्क, तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल. ते वाक्य वाचता येईल अशा जागी आणि "पुढे" या बटणाच्या आधी असू द्या.